मांसासारखे अन्न आणि सोयाबीनचा शेतकरी

सोयाबीनचे पीक फुलावर आले असता एखादे झाड मुळासकट उपटावे आणि मुळावरील गाठ नखाने फोडून पाहावी. आतील गर लालसर दिसला म्हणजे जिवाणूसंवर्धन लागू पडले, गाठी हवेतील नत्र पिकाला मिळवून देत आहेत असे समजावे, ही खूण आता गावोगावच्या शेतकऱ्यांच्या परिचयाची झालेली आहे. हा लाल रंग ज्या द्रव्याचा असतो ते आपल्या रक्तातील लाल द्रव्याच्याच कुळातील आहे. दोहोंत लोह असते आणि दोहोंचे काम प्राणवायूशी निगडित असते. रक्तात तो वाहून नेण्याचे, तर गाठीत तो बेताचा राखण्याचे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेले पॅट्रिक ब्राउन यांनी २०११ साली इम्पॉसिबल फूड्स ही कंपनी काढली. मांसाला मांसाची चव आणि तांबूस रंग कशाने येतो याचा शोध घेत ही मंडळी येऊन पोहोचली ती सोयाबीनच्या मुळावरील या गाठीपाशी. गाठी खणून गोळा करणे परवडण्याजोगे नव्हते. म्हणून सोयाबीनमधील ते जनुक किण्वात घालून हे द्रव्य कारखान्यात तयार करण्यात आले, आणि २०१६ साली मांसाविना केलेला पण मांसाच्या चवीचा बर्गर न्यूयॉर्कमधील उपाहारगृहात विक्रीस आला.

लातूर वा वाशीम जिल्ह्यातील शेतात जे द्रव्य कापणीनंतर मुळांबरोबर मातीत कुजून जाते, त्याच्या आधारावर सातासमुद्रापलीकडे केवढा तरी उद्योग उभा राहिला. इकडे त्या शेतातील शेतकऱ्याची स्थिती काय आहे? २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला होता. प्रत्यक्षात अनेक बाजार समित्यांत माल त्याहून पुष्कळ कमी भावाने गेला. हमीभाव केंद्रावर माल नेला तर ओलाव्याचे कारण पुढे येई, आणि थांबायला घरात सवड नसे. तेव्हा शहरांतून व परदेशांतून मांसासारख्या वनस्पतिज अन्नाची जी चर्चा ऐकू येते तिच्यातून सोयाबीन उत्पादकाच्या पदरात काही पडण्यासारखे आहे काय, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही.

असे अन्न मागणारे लोक कोण आहेत, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. त्याबाबत एक गैरसमज सर्वत्र आढळतो. मांसासारखे दिसणारे आणि लागणारे अन्न जन्मापासून शाकाहारी असलेल्या माणसाला हवे असते, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक अशा माणसाला त्या चवीची ओढ नसते. उलट पुष्कळदा त्या साम्याचीच शिसारी येते. त्याला वरणभात, पिठले आणि उसळ पुरते. मांसाची नक्कल हवी असते ती मांस खाणाऱ्याला, किंवा कालपर्यंत खात असलेल्याला. पाश्चात्त्य देशांतही या मालाची बहुसंख्य गिऱ्हाइके मांसाहारीच आहेत. आणि आपल्या देशात मांसाहारी वर्ग लहान आहे असे मानण्याचे कारण नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या पुरुषांपैकी पाचांत चार आणि स्त्रियांपैकी दहांत सात या सुमाराने लोक थोड्याफार प्रमाणात मासे, कोंबडी किंवा मांस खातात.

मग या माणसाला पर्याय कशासाठी हवा असतो? याचे उत्तर एका कारणात सापडत नाही. कोणाला जीवहत्या नकोशी झालेली असते. कोणाला वैद्याने तांबडे मांस कमी करण्यास सांगितलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये खारवलेल्या, धुरी दिलेल्या व अशाच प्रकारे टिकविलेल्या मांसाची गणना कर्करोगास कारण होणाऱ्या पदार्थांत केली, तेव्हापासून हा विचार अधिक पसरला. परदेशातील तरुण वर्ग हवामानाचाही विचार करतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१३ साली असा अंदाज मांडला की, मानवी व्यवहारांमुळे जे तापवर्धक वायू वातावरणात मिसळतात त्यांपैकी सुमारे साडेचौदा टक्के पशुपालनातून येतात. आपल्याकडे मात्र या कारणांपेक्षा दोन कारणे बळकट आहेत. एक कारण पंचांगाचे. श्रावण, चातुर्मास, संकष्टी, गुरुवार, शनिवार अशा दिवसांत कोट्यवधी मांसाहारी माणसे मांस वर्ज्य करतात, परंतु जिभेची सवय त्या दिवसापुरती जात नाही. दुसरे कारण खर्चाचे. पाहुणा आला आणि खिशात मटणाएवढे पैसे नसले, तर झणझणीत रस्सा करून त्यात काहीतरी चावून खाण्याजोगे टाकावे लागते.

हे काहीतरी चावून खाण्याजोगे आपल्या आयाबहिणींनी केव्हाच शोधून काढलेले आहे. जुन्नर, आंबेगाव भागातील मासवडी बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरे व कांद्याचे सारण भरून करतात; कापलेल्या वडीचा आकार माशाच्या तुकडीसारखा दिसतो म्हणून तिला ते नाव पडले, आणि तिच्याबरोबरचा रस्सा सामिष रश्श्याच्याच मसाल्याचा असतो. विदर्भातील पाटवडीचा रस्सा याच वर्गातला. बंगालमध्ये कच्च्या फणसाला ‘गाछ पाँठा’ म्हणजे झाडावरचा बोकड असे म्हणतात. चीनमध्ये बौद्ध मठांतून सोयाबीनचे पनीर आणि गव्हाच्या कणकेतील चिकट भाग यांपासून मांसासारखे पदार्थ शतकानुशतके होत आले. म्हणजे इच्छा जुनीच आहे. नवीन आहे ते यंत्र आणि जाहिरात. शिवाय या सर्व उदाहरणांतून हेही दिसते की, गिऱ्हाइकाला जे हवे असते त्याचा मोठा भाग मसाल्यात आणि दाताखाली येणाऱ्या चिवटपणात असतो. प्राण्याच्या देहाशी त्याचा संबंध लोक समजतात त्याहून पुष्कळ कमी आहे.

फणसाविषयी येथेच एक खुलासा केलेला बरा, कारण कोकणातील बागाईतदारांना हल्ली फार आशा दाखविल्या जातात. कच्च्या फणसाचे तंतू शिजल्यावर मांसाच्या तंतूंसारखे सुटतात आणि मसाला चांगला शोषून घेतात, हे खरे. पण त्यात प्रथिने शेकड्यास जेमतेम दोन भाग असतात. फणसाची कुयरी ही उत्तम भाजी आहे आणि तिला भाव यावा हे योग्यच. पोषणाच्या दृष्टीने मात्र ती मांसाची जागा घेऊ शकत नाही. ही जागा घेण्याची कुवत सोयाबीनमध्ये आहे. त्याच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने व १८ ते २० टक्के तेल असते. आपल्या इतर कडधान्यांतील प्रथिने २० ते २५ टक्क्यांच्या आसपास राहतात.

दाण्यापासून मांसासारखा तंतू काढण्याची विद्या मूळ मोटारीच्या कारखान्यात जन्मली, ही गोष्ट ऐकणाऱ्यास नवल वाटेल. अमेरिकेतील हेन्री फोर्ड यांना शेतमालाचा कारखान्यात उपयोग करण्याचा ध्यास होता. त्यांच्याकडे काम करणारे रॉबर्ट बॉयर यांनी सोयाबीनच्या प्रथिनांपासून सूत काढले, ते मोटारींच्या बैठकांच्या कापडासाठी! पुढे तोच तंतू खाण्याजोगा करून त्यापासून मांसासारखा पदार्थ बनविण्याचे पेटंट त्यांना १९५४ साली मिळाले. ही रीत खर्चाची होती. १९६० नंतरच्या दशकात त्याहून सोपी रीत निघाली, आणि बाजारात आज सोयावडी म्हणून जी मिळते ती याच रीतीची. दाण्यातील तेल काढून घेतल्यावर जो चोथा राहतो त्यात प्रथिनांचे प्रमाण ५० टक्क्यांपर्यंत जाते. त्याचे पीठ पाण्यात कालवून बंद नळीत फिरत्या मळसूत्राने दाबले जाते. नळीतील उष्णता व दाब यांमुळे प्रथिनांची मूळ घडण मोडते आणि ती एका दिशेने ताणली जातात. हे मिश्रण छिद्रातून बाहेर पडताच त्यातील पाण्याची वाफ होऊन ते फुगते, सच्छिद्र बनते. वडी भिजविल्यावर स्पंजासारखी होते व तंतुतंतूने सुटते, ती यामुळे.

या वडीच्या पाकिटावर ५२ टक्के प्रथिने असे छापलेले पाहून अनेक जण मांसाशी तुलना करतात, तीत एक चूक होते. तो आकडा कोरड्या वडीचा असतो. भिजल्यावर वडीचे वजन जवळजवळ तिप्पट होते, त्यामुळे ताटातल्या शंभर ग्रॅम वडीत प्रथिने १७ ग्रॅमच्या आसपास असतात. हे प्रमाण थोडे नव्हे. पण कोंबडीच्या शिजलेल्या मांसाहून ते कमीच आहे. मांस, अंडी व दूध यांतून मिळणारे बारावे ब जीवनसत्त्व वडीत नसते. अंगणवाडीत अंडे देता येत असेल तर ते काढून त्याजागी वडी आणावी, असा सल्ला म्हणूनच कोणी देऊ नये.

सोयाबीन आपल्याकडे आले ते अन्न म्हणून येता येता राहिले, ही हकीकत थोडी खेदाची आहे. १९३५ साली महात्मा गांधींनी वर्ध्यास मगनवाडीत सोयाबीन आहारात घेण्याचे प्रयोग चालविले आणि ‘हरिजन’ पत्रातून त्यांविषयी लिहिले. बडोदे संस्थानातील अधिकारी एफ. एस. काळे यांचे सोयाबीनची लागवड व आहारातील उपयोग यांवरील इंग्रजी पुस्तक १९३६ साली बडोद्यास प्रसिद्ध झाले. ही बीजे रुजली नाहीत. १९६० नंतरच्या दशकात जबलपूर व पंतनगर येथील कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने नवे वाण आणले आणि पीक खऱ्या अर्थाने वाढले, पण तेव्हा त्याच्यामागे उभा होता तेलाचा कारखाना. आज महाराष्ट्रात सोयाबीनचे क्षेत्र जवळपास पन्नास लाख हेक्टर आहे. दाणा तेलगिरणीत जातो, तेल शहरात जाते, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात किंवा परदेशी जाते. आणि पिकविणाऱ्याच्या घरात? तो आठवडी बाजारात सोयाबीन विकतो आणि परत येताना त्याच दाण्याच्या चोथ्याची वडी दुपटीहून अधिक भावाने पुडक्यात घेऊन येतो. पुष्कळ घरांत तर तेवढेही येत नाही; दाणा ‘तेलाचा’ म्हणून ओळखला जातो आणि त्याला चुलीवर जागा नाही.

ज्या पिकाला दोनच गिऱ्हाइके असतात त्याच्या भावाची दोरी त्या दोघांच्या हाती राहते. २०२१ साली सोयाबीन क्विंटलला नऊदहा हजारांपर्यंत चढले; त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कुक्कुटपालकांच्या मागणीवरून १२ लाख टन जनुक-परिवर्तित पेंड आयात करण्यास केंद्राने परवानगी दिली, आणि नवा माल बाजारात येईपर्यंत भाव खाली आला. कुक्कुटपालकाला दोष देण्यात अर्थ नाही, तोही शेतकरीच आहे. माणसाच्या आहारासाठी दाणा विकत घेणारा तिसरा गिऱ्हाईक उभा राहिला पाहिजे, एवढेच यातून निघते. मांसाच्या पर्यायाची मागणी हे त्याचे एक दार आहे.

ते दार किती रुंद आहे याविषयी मात्र फसवणूक होता कामा नये. अमेरिकेतील बियाँड मीट ही वाटाण्याच्या प्रथिनांपासून बर्गर करणारी कंपनी २००९ साली निघाली. मे २०१९ मध्ये तिचे भाग २५ डॉलरांस विक्रीस आले, जुलैमध्ये त्यांची किंमत २३० डॉलरांवर गेली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती एका डॉलरच्याही खाली उतरली. लोकांनी एकदा चाखून पाहिले. पण माल मांसाहून महाग, घटकांची यादी लांबलचक आणि मीठ पुष्कळ, त्यामुळे अनेक जण पुन्हा वळले नाहीत. गुजरातेतील खेडा जिल्ह्यातून सप्टेंबर २०२२ मध्ये वनस्पतिज मांसाचे पदार्थ प्रथमच अमेरिकेस रवाना झाले, त्याचा मोठा गाजावाजा झाला. माल होता पाच हजार किलो, म्हणजे एका मालमोटारीचा भार. अशा बातम्या वाचून कोणी गावकऱ्यांना कारखान्याचे भागभांडवल गोळा करण्यास सांगू लागला, तर गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्याला दोनदा प्रश्न विचारावेत. तंतुमय वडीचे यंत्र, तेल काढण्याची रासायनिक पद्धत आणि जाहिरात ही मोठ्या भांडवलाची कामे आहेत.

परंतु मांसासारखे काहीतरी मागणारा आपला माणूस श्रावणातला आहे, खानावळीतला आहे, वसतिगृहातला आहे. त्याला रक्तासारखा रंग नको आहे. त्याला रश्श्यात टिकणारा, दाताला लागणारा आणि परवडणारा पदार्थ हवा आहे. सोयाबीनचे पनीर ही गरज चांगली भागविते आणि ते तालुक्याच्या गावी, बचत गटाच्या हातून होऊ शकते. एक किलो चांगल्या दाण्यापासून सुमारे दीड किलो पनीर मिळते. भोपाळ येथील केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत सोयाबीनचे दूध व पनीर करण्याचे शिक्षण दिले जाते. पनीर नाशवंत असते, थंड जागा आणि जवळचा गिऱ्हाईक यांची सोय आधी पाहावी; माल करून मग बाजार शोधण्याच्या नादात अनेक गट बुडालेले आहेत.

येथे खरी अडचण उभी राहते ती दाण्याच्या प्रतीची. तेलगिरणीला फुटका, डागी, पावसात भिजलेला दाणा कमी भावात का होईना चालतो. खाण्यासाठी तो चालत नाही. बुरशी धरलेला दाणा तर विषारी ठरू शकतो. शिवाय सोयाबीनच्या कच्च्या दाण्यात प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारे द्रव्य असते आणि त्याला एक हिरवट वास येतो. इंदूर येथील भारतीय सोयाबीन संशोधन संस्थेने हे अडथळा करणारे द्रव्य जवळजवळ नसलेला एनआरसी १२७ हा वाण काढला. त्यानंतरच्या एनआरसी १४२ या वाणात वासाला कारण होणारे एक द्रव्यही काढून टाकलेले आहे. या वाणांचे नाव आपल्याकडे अजून फारसे कोणी घेत नाही, कारण गिरणी त्यांना एक पैसा जादा देत नाही. हाच मुद्दा आहे. जादा पैसा देणारा गिऱ्हाईक आधी की वेगळा माल आधी, या वादात वर्षे जातात. वेगळा माल आधी, हे या प्रश्नाचे व्यवहारातील उत्तर होय; कारण एका पोत्याने सुरुवात करता येते, आणि ते पोते विकले गेले नाही तरी घरात खाता येते. भारतात लागवडीस असलेले सोयाबीन जनुक-परिवर्तित नाही, हीही परदेशी अन्नव्यापारात मोलाची गोष्ट आहे. ढीग एकत्र मिसळून विकल्यावर तिचे मोल उरत नाही.

घरात खाण्याविषयी थोडे स्पष्ट सांगणे अवश्य आहे. सोयाबीन कधीही कच्चे दळू नये. दाण्याची डाळ करून ती उकळत्या पाण्यात टाकावी, वीसपंचवीस मिनिटे चांगली शिजू द्यावी, निथळून उन्हात कडक वाळवावी आणि मग दहा किलो गव्हात एक किलो या प्रमाणात दळणात घालावी. थंड पाण्यापासून तापवीत नेण्यापेक्षा उकळत्या पाण्यात टाकल्याने हिरवट वास कमी राहतो. अख्खा दाणा उसळीसाठी घ्यावयाचा तर रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, दाबपात्रात मऊ होईपर्यंत शिजवावा. पेरणीतून उरलेले, औषध चोळलेले बियाणे धुऊनसुद्धा खाण्यात आणू नये. पशुखाद्याच्या दुकानातील पेंड ‘वडीचाच चोथा’ म्हणून माणसाने खाऊ नये. ती खाण्याच्या दर्जाची राखलेली नसते.

ज्या शेतकऱ्याला यंदा प्रयत्न करून पाहावयाचा असेल त्याने कापणीच्या वेळीच एक वाफा निराळा धरावा. उंचावरचा, पाणी न साचणारा, तणविरहित असा तो असावा. शेंगा पावसात सापडल्या तर तो माल सरळ गिरणीला द्यावा, हट्ट धरू नये. मळणी खळ्यावर न करता ताडपत्रीवर करावी आणि बियाण्यासाठी ठेवतात तशी मळणीयंत्राची गती कमी, मिनिटाला साडेतीनशे ते चारशे फेरे इतकीच ठेवावी, म्हणजे दाणा फुटत नाही. दाणा दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवून, चाळून, खडेमाती व फूट काढून नव्या पोत्यात भरावा. पोत्यात वाणाचे नाव आणि मळणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी घालावी व पोत्याचे तोंड निराळ्या रंगाच्या सुतळीने शिवावे. हे पोते आडत्याच्या ढिगावर न टाकता जवळच्या पनीर करणाऱ्या गटाला, वसतिगृहाच्या कोठीला किंवा तालुक्याच्या खानावळीला नमुना म्हणून दाखवावे आणि तेथे मिळालेला भाव त्या दिवशीच्या बाजार समितीच्या भावाशेजारी वहीत टिपून ठेवावा.